खाऱ्या पाण्याचा जमाखर्च

समुद्रकाठच्या माणसाला समुद्र घरात आणून ठेवण्याची हौस सहसा नसते. दाराबाहेर पाऊल टाकले की तो आहेच. त्याची मासळी पानात असते, त्याची खारी हवा कुलपाच्या गंजात असते. त्यामुळे आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत २०० लिटरची खाऱ्या पाण्याची काचपेटी येणार ही बातमी पसरली तेव्हा गावाने आम्हाला वेड्यात काढले. आम्ही म्हणजे रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका उर्दू शाळेचा नववीचा वर्ग आणि त्याला विज्ञान शिकवणारे, या ओळी लिहिणारे मास्तर. पेटीचे पैसे कुवेतमध्ये नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी पाठवले होते. त्यांची अट एकच होती, पेटी मुलांनी स्वतः सांभाळायची.

कल्पना मात्र मुलांचीच. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहायला आमची सहल गेली होती. तिथला देवमाशाचा सांगाडा पाहून सगळी गप्प झाली आणि काचेआडचे मासे पाहून सगळी बोलू लागली. परतताना एका मुलीने विचारले, "सर, समुद्रात तर भरती-ओहोटी आहे. ह्या पेटीतली घाण कुठे जाते?" प्रश्न साधा होता, पण त्याचे पुरे उत्तर मिळायला आम्हाला जवळजवळ एक वर्ष लागले.

आमच्या मुलांविषयी थोडे सांगायला हवे. घरी कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि अकरावीला विज्ञान घ्यायचे तर इंग्रजी, असा त्यांचा प्रवास असतो. प्रत्येक वळणावर काही मुले गळतात. चौदाव्या वर्षी मुलाच्या मनात एकदा बसले की विज्ञान ही दुसऱ्याच कुणाच्या तरी भाषेतली गोष्ट आहे, की ते काढणे कठीण. वर्गात कितीही फळा रंगवला तरी निघत नाही. आम्हाला असे काहीतरी हवे होते की जिथे मुलांना शब्दाआधी वस्तू भेटेल. ती वस्तू फॉस्फेट असेल असे मात्र वाटले नव्हते. एक गोष्ट बरी झाली, हा शब्द चारही भाषांत एकच आहे.

पेटी डिसेंबरात भरली. समुद्र दाराशी असताना मीठ विकत का आणता, असे पुष्कळांनी विचारले. खाडीच्या तोंडाचे पाणी दर भरती-ओहोटीला बदलते. त्यात गावाचे सांडपाणी असते, बोटींचे डिझेल असते. आम्हाला हिशेब ठेवायचा होता, म्हणून सुरुवात माहितीच्या पाण्याने करणे भाग होते. गाळणयंत्राचे शुद्ध पाणी आणि त्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम तयार समुद्री मीठ. प्रवाळ ठेवायचा प्रश्नच नव्हता. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, हे मुलांना आधीच सांगितले. म्हणून कारखान्यात घडवलेले चुनखडीचे खडक आणले. अमोनियाचे नायट्राइट, नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू त्यावर वसायला पाच आठवडे दिले. मग पैदास केंद्रात वाढलेले दोन क्लाउनफिश आले. केशरी अंगावर पांढरे पट्टे. शिपाईमामांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे येऊन पाहून गेले.

तीन आठवड्यांत काच तपकिरी झाली. नव्या पेटीत पहिल्यांदा डायटम नावाची सूक्ष्म वनस्पती येते, ती येते तशी जाते. ती गेली. तिच्या जागी हिरवे केस उगवले. खडकांवर, काचेवर, पंपाच्या तोंडावर सगळीकडे बोटभर लांब शेवाळ. मासे ठणठणीत होते, पण पाहणाऱ्याला मासे दिसेनात. स्नेहसंमेलन महिन्यावर आले होते आणि पैसे देणाऱ्यांपैकी दोघे सुट्टीवर येणार होते. शाळा समितीतले एक बुजुर्ग प्रयोगशाळेत आले, बराच वेळ काचेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, हे पाणी ओता. टाकी पिण्याच्या पाण्याला तरी उपयोगी पडेल. आपल्या शाळेला हे झेपणारं नाही." त्यांचा स्वर मायेचा होता. मुलांना तोच जास्त लागला. 'आपल्या शाळेला' हे शब्द त्यांनी नीट ऐकले होते.

शेवाळाचे खाद्य कोणते याचा शोध घेता घेता आम्ही फॉस्फेटपाशी आलो. फॉस्फरसची कथा मुलांना फार आवडली. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँड नावाच्या कीमियागराने सोने मिळवण्याच्या आशेने मूत्र आटवले आणि हाती लागला अंधारात चमकणारा पदार्थ. तोच फॉस्फरस. कीमियागर हा शब्द उर्दू शाळेत समजावून सांगावा लागत नाही. मुले पोट धरधरून हसली आणि तो तास कोणी विसरले नाही. सहलीत पाहिलेला देवमाशाचा सांगाडा तरी कशाचा? कॅल्शियम आणि फॉस्फेटचाच. आपली हाडे, दात, पेशीतली ऊर्जा, आईबापांकडून आलेला वारसा ज्या धाग्यावर लिहिलेला असतो तो धागा, या सगळ्यांत फॉस्फेट आहे. त्याच्याशिवाय जीव नाही.

समुद्राचेही तसेच. भर समुद्रात वरच्या थरातले फॉस्फेट लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागांत मोजावे लागते, कारण तिथले सूक्ष्म जीव ते हातोहात खाऊन टाकतात. ते मेले की खाली बुडतात, म्हणून खोल पाण्यात त्याचा साठा दहापट आणि त्याहून अधिक असतो. पावसाळी वारे सुटले की आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः दक्षिणेकडे, खालचे थंड पाणी वर येते. त्याबरोबर हा साठाही येतो. मग वनस्पतीप्लवक माजते आणि त्यावर तारली आणि बांगडा पोसतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील मिरकरवाड्याच्या एका बोटीवर तांडेल आहेत. पालकसभेला आले असता हिरवी पेटी पाहून ते म्हणाले, "पावसानंतर दर्या असाच हिरवा होतो. त्याच्यामागनं मासळी येते." म्हणजे जे फॉस्फेट आमच्या पेटीत उपद्रव ठरले होते, त्याच्यावरच अर्ध्या वर्गाच्या घरातली चूल पेटत होती.

मग पेटीत काय बिघडले? उत्तर रसायनातच होते. माशांच्या विष्ठेतला नायट्रोजन नायट्रेट होतो आणि जिथे प्राणवायू पोचत नाही अशा खडकाच्या पोटात काही जिवाणू त्याचा वायू करून सोडतात. तो बुडबुडा होऊन हवेत निघून जातो. फॉस्फेटचा असा वायू होत नाही, त्यामुळे त्याला उडून जायला वाट नाही. काचेच्या आत जे आले ते कोणीतरी हाताने उचलून बाहेर टाकीपर्यंत आतच राहते. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या तरी फॉस्फेट ह्या खिशातून त्या खिशात जाते, बाहेर जात नाही. सहलीतल्या त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मुलांना इथे मिळाले, घाण कुठेच जात नाही.

याचा मोठा दाखला कॅनडात आहे. ओंटारिओतल्या '२२६' क्रमांकाच्या तळ्यात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मधोमध पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्या बाजूला त्या दोन्हींसोबत फॉस्फरसही. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी तशीच राहिली. वरून काढलेले ते छायाचित्र आम्ही प्रयोगशाळेच्या दारावर लावले.

आता मोजायचे. फॉस्फेट असलेल्या पाण्यात अमोनियम मोलिब्डेट आणि क जीवनसत्त्व योग्य त्या आम्लात घातले की पाणी निळे होते. जितके फॉस्फेट जास्त, तितके निळे गडद. बाजारात थेंबांची पेटी मिळते, तिच्यासोबत रंगांची पट्टी असते. पण खिडकीपाशी एक निळा दिसायचा, ट्यूबलाइटखाली दुसरा, आणि चाळीस मुलांच्या चाळीस मतांवर विज्ञान चालत नाही. म्हणून उरलेल्या पैशांतून मुठीत मावेल असा प्रकाशमापक घेतला. तो निळ्या पाण्यातून प्रकाश सोडतो आणि आकडा देतो. आकडा कोणत्या भाषेत वाचायचा हा प्रश्न उरला नाही. यंत्र फॉस्फरस दाखवत असेल तर ३.०७ ने गुणले की फॉस्फेट मिळते, हा गुणाकार पहिल्या दिवशीच सगळ्यांचा पाठ झाला.

पहिला आकडा आला लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम. शेवाळाने भरलेल्या पेटीत इतके कमी! समितीत कोणी म्हणाले, यंत्र खोटे. तांडेलाच्या मुलीने शेवाळाचा एक झुबका उपटून हातात धरला आणि म्हणाली, "सर, फॉस्फेट पानी में नहीं है, इस में है." तिचे बरोबर होते. पाणी खोटे बोलत नव्हते, पण सगळे सांगतही नव्हते. मुलांनी दोन दिवस बसून हाताने शेवाळ उपटले, बादलीभर निघाले. आठवड्याने आकडा ०.६० झाला. खाणारे गेले, तेव्हा रोज किती वाढले जाते ते कळले.

वाढतो कोण, हे ठरवायला वर्गाने चार बादल्या मांडल्या. पहिलीत नुसते शुद्ध पाणी, दुसरीत मिठाचे पाणी, तिसरीत मिठाचे पाणी आणि माशांचे खाद्य, चौथीत मिठाचे पाणी आणि पेटीतला एक खडक, घासून धुतलेला. आठ दिवस झाकून ठेवल्या. पहिल्या दोन बादल्या जवळपास शून्यावर राहिल्या, म्हणजे पाणी आणि मीठ निर्दोष. तिसरी आणि चौथी दोन्ही गडद निळ्या.

खाद्याचा हिशेब फळ्यावर झाला. सुक्या खाद्यात शंभरात एक भाग फॉस्फरस धरला तर एका ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. २०० लिटरमध्ये ते ०.१५ ने आकडा वाढवते. डब्यावर लिहिलेली दिवसाची चिमूट तराजूत घातली तर पाव ग्रॅम भरली. म्हणजे आठवड्याला पावणेदोन ग्रॅम, म्हणजे जमा ०.२६. आता खर्च. आठवड्याला २० लिटर पाणी बदलले, म्हणजे दहावा हिस्सा. ०.६० चा दहावा हिस्सा ०.०६. जमा ०.२६ आणि खर्च ०.०६. घरी किराणा दुकान असलेला एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "दुकान असं चाललं तर दिवाळं." दुसऱ्याने उठून सांगितले की दिवाळे निघणार नाही, आकडा २.६० वर जाऊन थांबेल, कारण तेव्हा दहावा हिस्सा ०.२६ होईल. हा मुलगा बीजगणितात काठावर पास होणारा. फळ्यावर ते समीकरण आम्ही आठवडाभर पुसू दिले नाही.

दोन लहान मासे दिवसाला किती खातात ते मुलांनी पाहून ठरवले. तीस सेकंदांत जे संपेल तेवढेच द्यायचे. ते डब्यावरच्या मापाच्या निम्म्याहून कमी भरले.

खडकांची गोष्ट वेगळी निघाली. नवे म्हणून विकलेले ते खडक कोणाच्या तरी जुन्या पेटीतून उतरवून धुऊन दिलेले होते. फोडून पाहिला तेव्हा आत वाळलेल्या शेवाळाचे थर होते. दुकानदाराने फोन उचलणे सोडले. चुनखडीचा स्वभाव असा की पाण्यात फॉस्फेट वाढले की ती पृष्ठभागावर धरून ठेवते आणि पाण्यातले कमी झाले की सोडू लागते. त्यामुळे पाणी बदलले की दोन दिवस आकडा खाली येई आणि चौथ्या दिवशी पुन्हा वर चढे. मुले वैतागली. खडकात वर्षांचे साठलेले एका आठवड्यात निघणार नव्हते.

इथे आमचे कोकण मदतीला आले. खाऱ्या पाण्याच्या पेटीसाठी फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे मिळतात, तांबूस-तपकिरी, दिसायला चहाच्या भुकटीसारखे. लोहाचे ऑक्साइड फॉस्फेटला घट्ट पकडते. दाणे पाहताच एक मुलगा म्हणाला, "हा तर जांभा!" त्याच्या वडिलांची आंब्याची कलमे आहेत. जांभ्याच्या जमिनीत स्फुरद घातले तरी झाडाला थोडेच मिळते, बाकीचे माती बांधून ठेवते, ही तक्रार तो घरी लहानपणापासून ऐकत आला होता. स्फुरद म्हणजे फॉस्फरसच. जांभ्याला तांबडा रंग देणारे लोह हेच करते. आम्ही लगेच चाचणी घेतली. फॉस्फेट घातलेल्या पाण्यात जांभ्याची भुकटी ढवळली, रात्रभर निवळू दिली, गाळून मोजले. आदल्या दिवशीचे गडद निळे फिकट झाले होते. जांभ्यात आणखी काय काय असते ते आमच्या हाती नव्हते, म्हणून तो पेटीत घातला नाही, तिथे विकतचे दाणेच वापरले. पण त्या दिवसापासून फॉस्फेट हा पुस्तकातला शब्द राहिला नाही. ज्या दगडाच्या चिऱ्यांनी शाळेची भिंत बांधली होती, त्याच दगडाचा तो गुण होता.

दाणे जाळीच्या पिशवीत, आधी धुऊन, पाणी त्यातून हळू वाहील असे ठेवले. एकदम पुष्कळ ठेवले नाहीत. लॅन्थनम क्लोराइडचे थेंब घातले तर फॉस्फेट झटक्यात साका होऊन बसते, असे एका जाणकाराने सुचवले. पण तो बारीक साका नीट गाळला नाही तर माशांच्या कल्ल्यांना त्रास देतो. शाळेच्या पेटीला तो धोका नको होता.

मुलांचा हट्ट होता की आकडा शून्य करायचा. स्वच्छ म्हणजे शून्य, हे आपणच त्यांना शिकवलेले असते. वर्गात यावर बराच वाद झाला. फॉस्फेट पुरते संपले तर खडकावरचे उपयोगी जीव उपाशी पडतात आणि रिकाम्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट, तपकिरी संकट बसते, असा पेट्या सांभाळणाऱ्या पुष्कळांचा अनुभव आहे. ते शेवाळापेक्षा चिवट असते. ०.०३ ते ०.१० यांच्या दरम्यान राहावे, असे ठरले. मुलांनी वहीवर उर्दूत 'मिकदार' असा मथळा दिला. मिकदार म्हणजे मात्रा. औषध आणि विष यांतला फरक मात्रेचा, हे हकिमांच्या घरात जुने ज्ञान आहे. इथे ते दशांश चिन्हासकट कळले.

शेवटचा उपाय सगळ्यांत स्वस्त होता. ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर गेलो आणि केटोमॉर्फा नावाच्या हिरव्या दोऱ्यांसारख्या समुद्रशेवाळाचा मूठभर गुंता आणला. पेटीला जोडलेल्या लहान कप्प्यात तो ठेवला आणि त्याच्यावर वेगळा दिवा लावला. शेवाळ येणारच असेल तर आपण नेमून दिलेल्या जागी येऊ दे, हा विचार. गुंता वाढला की दर पंधरा दिवसांनी निम्मा काढायचा. जे फॉस्फेट हवेत उडत नाही, ते असे ओंजळीने बाहेर काढता येते. काढलेले शेवाळ मुली गोड्या पाण्यात खळबळून शाळेच्या माडाच्या मुळाशी घालतात. सहलीतल्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर ते.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी आकडा ०.३४ होता. काच स्वच्छ होती, पण खडकांवर शेवाळाचे ठिपके होते. पेटी झाकून ठेवावी असे काहींचे म्हणणे पडले. मुलांनी ती उघडी ठेवली आणि शेजारी आलेख टांगला, ०.६० वरून ०.३४ पर्यंत खाली-वर होत उतरणारी रेघ. कुवेतहून आलेल्या दोघांनी माशांपेक्षा आलेखच जास्त वेळ पाहिला. समितीतले ते बुजुर्गही आले. तांडेलाच्या मुलीने त्यांना चार बादल्यांचा प्रयोग उर्दूत समजावून सांगितला. त्यांनी मध्येच विचारले, "आणि हे सगळं तुम्हीच मोजलंत?" ती म्हणाली, "जी चाचा, हर सोमवार." पेटी ओतण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. ती मुलगी आता दहावीत आहे. अकरावीला विज्ञान घ्यायचे म्हणते. घरात अजून होकार नाही आणि इंग्रजीची भीती आहेच. आम्ही तिच्या वडिलांना भेटून आलो आहोत, पुन्हा जाणार आहोत.

एप्रिलअखेर आकडा ०.०८ वर आला आणि टिकला. जूनमध्ये वही नव्या नववीच्या हाती गेली. पहिल्या सोमवारी त्यांनी मोजले, ०.०९ आले. वर्गात कुजबुज झाली, पिशवीतले दाणे बदलू या असे दोघे-तिघे म्हणाले. वही धरलेल्या मुलाने काचनळी धुतली, पुसली आणि पुन्हा मोजले, ०.०८. तिसऱ्यांदा ०.०९. इतका फरक यंत्राचाच असतो, हे त्याला आम्ही सांगायच्या आधी कळले. त्याने तिन्ही आकडे वहीत लिहिले आणि पेटीला हात लावला नाही.